पुठ्ठ्याची गाठ आणि आपली पऱ्हाटी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचं आहे, विजेच्या बिलांवर बोलायचं आहे, विम्यावर बोलायचं आहे. त्यावर बोलणारी माझ्याहून जाणती माणसं इथं बसली आहेत. मला बोलायचं आहे ते ठाणे-कल्याणच्या रद्दीबद्दल. हसू नका. उलंगवाडी झाली की आपण पऱ्हाटीचा ढीग बांधावर रचतो आणि काडी लावतो. त्याच दिवसांत कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यावर कोरडा पुठ्ठा फार वेळ पडून राहत नाही. तो उचलायला माणूस आहे, तोलायला काटा आहे, घ्यायला गिऱ्हाईक आहे. पुठ्ठा आणि पऱ्हाटी, दोन्हींचा मूळ तंतू एकाच जातीचा. मग एकाला भाव आणि दुसरीला काडी, हे कसं, एवढाच माझा विषय आहे.

पुठ्ठा येतो कुठून ते आधी पाहू. ठाण्याहून नाशिककडं निघालं की माणकोली नाक्याच्या आसपास भिवंडीची गोदामं सुरू होतात. आपल्याला भिवंडी ठाऊक होती ती यंत्रमागाची. तुमच्या-माझ्या कापसाचं सूत तिथं जाऊन कापड व्हायचं. माग अजून आहेत, पण त्यांच्या बाजूला आता मैलोगणती गोदामं उभी राहिली आहेत. मुंबई-ठाण्यात घरपोच जाणारा माल इथं उतरतो आणि इथूनच वाटला जातो. साबण असो, औषध असो, मोबाईल असो, प्रत्येक वस्तू खोक्यात. माल घरात जातो, खोका दाराबाहेर येतो.

माझा पुतण्या डोंबिवलीला असतो. त्याच्याकडं गेलो की मी स्टेशनाजवळच्या एका भंगारवाल्याच्या दुकानात जाऊन बसतो. घरच्यांना ते आवडत नाही, पण बाजार समितीत अडत्याच्या गादीवर बसून जे शिकायला मिळतं, तेच तिथंही मिळतं. सकाळी पोती घेऊन बाया येतात. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. भंगारवाला पुठ्ठ्यात हात घालून पाहतो. ओला लागला की वजनात कडता. आपल्या कापसात हात घालून 'ओल आहे' म्हणणारा ग्रेडर मला तिथं आठवला. चेहरा वेगळा, हात तोच. बाईला मिळतो सगळ्यात कमी भाव. छोटा भंगारवाला मोठ्या गोदामाला विकतो, त्याला जरा बरा. आणि मोठ्या गोदामात काय आहे? एक प्रेस आहे. जिनिंगमध्ये रुईची १७० किलोची गाठ बांधतात ना, तसाच प्रेस. पुठ्ठा दाबायचा, तारा आवळायच्या, गाठ बाहेर. ती गाठ ट्रकमध्ये चढते आणि वापीकडच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कागद गिरणीत जाते. या सगळ्या साखळीत पुठ्ठ्यात कुणी काहीही मिसळलेलं नाही, त्याचं काही बनवलेलं नाही. फक्त निवडला, वाळवला, दाबला आणि बांधला. ज्याच्याकडं प्रेस आहे त्याच्या दारात गिरणीचा माणूस येतो. ज्या बाईनं तो गटारातून वर काढला ती मात्र भंगारवाल्याच्या दारात उभी असते. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

गिरणीत पुठ्ठा पाण्यात भिजवतात, घुसळतात, त्याचा लगदा होतो आणि लगद्याचा पुन्हा कागद. पण तंतू म्हणजे काही अमर वस्तू नाही. प्रत्येक फेऱ्यात तो थोडा तुटतो, आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर कागद धरण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. शिवाय सगळाच पुठ्ठा गिरणीला चालेल असा नसतो. म्हणून जगभर काही लोकांनी दुसरी वाट काढली: या लगद्याचा पातळ कागद करण्याऐवजी जाड फळी करायची. घराच्या आतल्या भिंतीला, छताला, दाराला, टेबलाला लागते तशी.

ही फळी डिंकाशिवाय कशी धरते, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर आपल्या आज्यांना ठाऊक होतं. जुनी रद्दी भिजत घालायची, मेथ्या वाटून त्यात घालायच्या, लगदा कुटायचा आणि उपड्या घागरीवर थापायचा. वाळला की टोपली तयार. त्या टोपलीत डाळ-दाणा राहायचा. मेथीचा चिकटपणा मदतीला होता, पण खरी पकड तंतूंची आपसातली. ओला तंतू मऊ होतो, शेजारच्या तंतूला बिलगतो, आणि मधलं पाणी निघून जाताना दोघं एकमेकांना धरून ठेवतात. कारखान्यात एवढंच करतात, फक्त उन्हाऐवजी पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या तापलेल्या पोलादी पाट्या आणि आजीच्या तळहाताऐवजी यंत्राचा प्रेस. लगदा जाळीवर सारखा पसरायचा, पाणी निथळू द्यायचं, मग तापल्या प्रेसखाली दाबायचा. जितका दाब जास्त तितकी फळी घट्ट. हलक्या दाबाची फळी आवाज आणि उष्णता अडवायला, भारी दाबाची वजन झेलायला.

ही पाटी मी घरी केली आहे. खोक्याचा लगदा, फडक्यात पिळला, दोन फरशांमध्ये दगड ठेवून दाबला आणि चार दिवस उन्हात. हातोहात फिरवा, वाकवून पाहा. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. फक्त कुणी पाणी सांडू नका तिच्यावर, का ते पुढं सांगतो.

ही काही कालची नवलाई नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होमासोट नावाची कंपनी १९१६ पासून जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याची फळी करते आहे. त्यात थोडं मेण घालतात, पाणी चढू नये म्हणून. शंभर वर्षांवर माल खपतो आहे, तेव्हा तो खेळ नाही. त्याच देशात विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी सरकारची लाकूड-संशोधन प्रयोगशाळा आहे, १९१० सालची. तिथल्या लोकांनी १९८० च्या दशकात एक सोपी अक्कल वापरली. खोका तोडून पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटेसारखा मुडपलेला कागद असतो. कागद तो कागदच, पण त्या लाटेमुळं खोक्यावर माणूस बसला तरी खोका तग धरतो. मॅडिसनवाल्यांनी लगदाच अशा साच्यात दाबला की फळीच्या एका बाजूला उभ्या बरगड्या उठाव्यात. अशा दोन फळ्या बरगडीला बरगडी लावून चिकटवल्या की आत पोकळी आणि बाहेर सपाट पाठ. वजन कमी, ताकद जास्त. बाजेच्या सुंभाला स्वतःची ताकद किती? विणीत ताकद आहे. तसंच हे.

आता आपल्या मुंबई-ठाण्याच्या परिसरात काय झालं ते सांगतो. फळांचा रस आणि दूध ज्या चौकोनी कागदी डब्यांत येतं, ते डबे तुम्ही पाहिले असतील. त्यात पाऊण हिस्सा पुठ्ठा, साधारण पाचवा हिस्सा प्लास्टिक आणि उरलेला ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. तीन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून भंगारवाला ते हातात धरायचा नाही. २०१० पासून मुंबईत सहकारी भांडार आणि रिलायन्सच्या दुकानांत हे डबे टाकायला पेट्या ठेवल्या गेल्या. जमा झालेले डबे धुऊन त्यांचे बारीक तुकडे करतात, पाटीवर पसरतात आणि तापत्या प्रेसखाली दाबतात. आतलं प्लास्टिक वितळतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वेगळा चिकटवा लागत नाही. निघते ती फळी पाण्याला डरत नाही. तिची शाळेची बाकं झाली, छपराचे पत्रेही झाले. 'कार्टन ले आओ, क्लासरूम बनाओ' असं त्या मोहिमेचं नाव होतं. मराठी मुलखातल्या शाळांसाठी हिंदी नाव का, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण बाक काही नावावर उभं नसतं.

उलट बाजूही पाहा. त्याच कल्याणात आधारवाडीला कचऱ्याचा डोंगर होता. ओलं-सुकं सगळं एकत्र. २०१८ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो पेटला आणि दिवसचे दिवस धुमसत राहिला. आसपासच्या सोसायट्यांना खिडक्या उघडता येईनात. जो पुठ्ठा वेळेवर वेगळा निघाला त्याची गाठ झाली, जो निघाला नाही त्याचा धूर झाला. कचऱ्याचं आणि मालाचं अंतर एवढंच आहे: वेळेवर वेगळा केला की नाही, आणि कोरडा राहिला की नाही.

आता फिरवलेली पाटी परत आली असेल तर तिचा एक कोपरा या तांब्यात बुडवा. पाहा, फुगला. लगद्याच्या फळीचं हे पहिलं वैरी. ठाण्या-कल्याणला वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथं बाहेरच्या भिंतीला ही फळी लावणारा माणूस पहिल्याच आषाढात रडेल. आतली आडभिंत, छताखालचं अस्तर, दाराच्या आतलं भरण, कपाटाची पाठ, एवढ्या जागा तिच्या. दुसरं वैरी वाळवी, तिसरं आग. औषध घातल्याशिवाय, मेण-रंग लावल्याशिवाय तिला घरात घेऊ नये. कुणी तुम्हाला पुठ्ठ्याचं घर बांधून देतो म्हणत आला, तर त्याला आधी आपल्या ओसरीत एक पावसाळा त्या घरात झोपायला सांगा.

मग हाच कारखाना आपल्या तालुक्यात काढावा का? नाही. कारण साधं आहे: पाणी. एक किलो लगदा जाळीवर सारखा पसरायचा तर पन्नास ते शंभर लिटर पाण्यात तो सोडावा लागतो. त्यातलं बरंचसं पाणी फिरवून वापरता येतं, तरी काही वाया जातंच, आणि जे बाहेर पडतं ते घाण असतं. डोंबिवलीच्या कारखान्यांना बारवी धरणाचं पाणी आहे. आपल्याकडं फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. ओल्या पद्धतीचा धंदा ओल्या मुलखाचा. आपल्याला कोरडी पद्धत पाहिजे, आणि तीत कच्चा माल पुठ्ठा नव्हे, पऱ्हाटी.

पऱ्हाटीची भिंत आपल्याला नवी आहे का? कूड म्हणजे काय? पऱ्हाट्या नाही तर तुराट्या उभ्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेण-माती लिंपायची. तीही फळीच. मधे बरगड्या, बाहेर सपाट पाठ. मॅडिसनच्या प्रयोगशाळेनं केलं ते तुमच्या आजोबांनी गोठ्याला केलं होतं. मग पत्रे आले, विटा आल्या, आणि पऱ्हाटीला चूल आणि काडी एवढंच उरलं.

मुंबईत माटुंग्याला, म्हणजे ठाण्या-कल्याणच्याच रेल्वे लाइनीवर, कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे. १९२४ साली सुरू झाली. 'सिरकॉट' म्हणतात तिला. रुईची लांबी-ताकद मोजणं हे तिचं मूळ काम. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीही तपासली आणि सांगितलं की गव्हाच्या काडासारखी किंवा भाताच्या पेंढ्यासारखी ही चीज नाही. तंतूंच्या बाबतीत पऱ्हाटी कठीण लाकडाच्या जवळची आहे. जवळपास ७० टक्के तंतूचा भाग, २६-२७ टक्के लाकडाला कणखर करणारं लिग्निन, बाकी राख. कल्याणशेजारी शहाडला आणि मोहोन्याला रेयॉनचे कारखाने निघाले, त्यात लाकडाच्या लगद्यातून धागा काढायचे. मोहोन्याचा एनआरसी २००९ ला बंद पडला. तो धागा तुमच्या कापसाशी स्पर्धा करायचा, आणि तो होता झाडाच्या बुंध्यातला. म्हणजे बोंडात जे आहे ते बुंध्यातही आहे, हे कारखानदाराला कधीच कळलं होतं.

सिरकॉटनं पऱ्हाटीची फळी करून दाखवली. पद्धत अशी: पऱ्हाटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ते दळायचे, धूळ-माती चाळून काढायची, वाळवायचे. बारीक चुरा वेगळा, जाडा वेगळा. त्यात चिकटवा मिसळायचा. बारीक थर खाली, जाडा मधे, पुन्हा बारीक वर, आणि दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली दाब. पुढं आंतरराष्ट्रीय मदतीतून प्रकल्प झाला आणि नागपूरला संस्थेच्या जिनिंग केंद्रात छोटा नमुन्याचा कारखाना उभा राहिला. भारतीय मानकात अशा फळ्यांसाठी ३०८७ नंबर आहे. लाकडाशिवाय दुसऱ्या काडीकचऱ्याच्या फळीलाही तो लागू होतो. म्हणजे माल होतो की नाही हा वाद संपला आहे.

आता हिशेब घालू. पेन्सिल काढा. आठ फूट बाय चार फूट, अठरा मिलिमीटर जाड फळी. घनमीटरला ७०० किलो धरले तर एका फळीचं वजन साधारण ३७ किलो. त्यातला चिकटवा वजा करा, दळताना-चाळताना होणारी घट मिळवा, तर एका फळीला ४५ किलो वाळली पऱ्हाटी धरा. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी साधारण एक टन. एका एकरात वीस-बावीस फळ्या. तुमच्या तालुक्यात फर्निचरवाल्याकडं एक फळी केवढ्याला मिळते ते घरी जाताना विचारून जा, आणि मग बांधावर कितीचा धूर केला ते मोजा.

पण हुरळून जाऊ नका. फळीच्या त्या किमतीतला मोठा वाटा पऱ्हाटीचा नाही. प्रेसचा आहे, विजेचा आहे, आणि चिकटव्याचा आहे. चिकटवा कशाचा? युरियाचा. हो, तुम्ही ज्याच्यासाठी कृषी केंद्रासमोर आधार कार्ड घेऊन उभे राहता, त्याच युरियाचा आणि फॉर्मल्डिहाइडचा. एका फळीत अडीच-तीन किलो चिकटवा जातो. शेतकऱ्याच्या नावाचा सवलतीचा युरिया प्लायवूडच्या आणि डिंकाच्या कारखान्यांत पळवला जात होता. सगळ्या युरियाला निंबोळीचा लेप देण्याची सक्ती २०१५ साली झाली, तीमागचं एक कारण हेच होतं. आणि या चिकटव्यातून हवेत जो वायू सुटत राहतो त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली कर्करोगकारक ठरवलं आहे. तेव्हा फळी करायचीच तर कमी वायू सोडणाऱ्या प्रतीचा चिकटवा घ्यावा लागेल, आणि तो महाग आहे. हे कागदावर नफा मांडून दाखवणारे लोक सांगत नाहीत.

दुसरी अडचण याहून मोठी. दिवसाला दहा टन पऱ्हाटी खाणारा लहानसा कारखाना वर्षाला तीनशे दिवस चालवायचा तर ३००० टन लागेल. म्हणजे ३००० एकर. तेवढी पऱ्हाटी दहा-बारा गावांत मिळेल. पण ती मिळते जानेवारी ते मार्च. उरलेले नऊ महिने कारखाना काय खाणार? साठा करावा लागेल. सुटी पऱ्हाटी ट्रकमध्ये रचली तर ट्रक भरतो, काटा भरत नाही. वाहतुकीतच पैसा मरतो. वळवाचा पाऊस पडला की कुजते, ठिणगी पडली की सगळं संपतं. आणि एक गोष्ट तुम्हाला २०१७ नं शिकवली आहे. गुलाबी बोंडअळी. अर्धवट उमललेली बोंडं पऱ्हाटीवर राहतात, त्यात अळी बसून राहते. गावाच्या कडेला पऱ्हाटीची गंजी म्हणजे पुढच्या हंगामासाठी अळीची नर्सरी. फरदड घेणाऱ्याला आपण शिव्या देतो, पण अंगणात पऱ्हाटी रचणाराही तेच करतो.

इथं मला डोंबिवलीचा तो भंगारवाला आठवतो. पोतं घेऊन येणाऱ्या बाईचा भाव आणि प्रेसवाल्याचा भाव. आपण पऱ्हाटी जशी उपटली तशी, मातीसकट, बोंडासकट, सुटी, कारखान्याच्या दारात नेऊन टाकली तर आपण ती बाई आहोत. ओल म्हणून कडता, माती म्हणून कडता, ट्रकभाडं आपलं. पण गावातच यंत्रावर तुकडे केले, चाळले, वाळवले आणि दाबून बांधले, तर अळी मेली, वजन ट्रकमध्ये मावलं, साठा जमला आणि कडत्याला जागा उरली नाही. कारखाना कुणाचाही असो. पैसा प्रेसपाशी आहे, आणि लहान प्रेस आपल्या आवाक्यातला आहे.

जागा कुठून आणायची? तुमच्या तालुक्यात जिनिंग आहे. काटा आहे, शेड आहे, वीज आहे, आग विझवायची सोय आहे, गाठी बांधणारे हात आहेत. उन्हाळा लागला की तिथं कुत्री झोपतात. ज्या महिन्यांत जिनिंग रिकामं, त्याच महिन्यांत पऱ्हाटीचे तुकडे ठेवायला जागा पाहिजे. जिनिंगवाल्याशी बोला. तो काही आपला सोयरा नाही, भाडं मागेल. मागू द्या.

दोन गोष्टींत मात्र मी सावध आहे. एक, जमीन. पऱ्हाटीबरोबर पालाश जातं, काडी-पाल्याचा कस जातो. आधीच आपल्या कोरडवाहू रानात सेंद्रिय कर्ब नावालाच उरला आहे. पाला, बोंडाची टरफलं शेतातच राहिली पाहिजेत आणि काही तासांची पऱ्हाटी कुट्टी करून मातीत गेली पाहिजे. सगळी विकून मोकळं होणारा माणूस घरातलं बियाणं विकणाऱ्यासारखा आहे. दुसरी गोष्ट, चूल. या सभेत मायबहिणी बसल्या आहेत. सिलिंडर घरात आलं, पण ते परत भरायला परवडत नाही म्हणून पाणी अजून पऱ्हाटीवरच तापतं. पऱ्हाटी विकायचा ठराव गड्यांनी करायचा आणि जळणासाठी बाईनं दोन कोस जायचं, असा व्यवहार आपण करणार नाही. घरची गरज आधी काढून ठेवा, उरेल ते विकायचं.

आणि विकायला गिऱ्हाईक एकच नाही. पऱ्हाटीच्या कांड्या करून बॉयलरला विकणारे आहेत. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही हिस्सा काडीकचरा मिसळावा असं धोरण केंद्र सरकारनं २०२१ ला पक्कं केलं. म्हणजे फळीवाला, कांडीवाला आणि वीजवाला असे तिघं दारात आले तर भाव निघेल. एकटाच आला तर तो म्हणेल तो भाव.

या उलंगवाडीला एक काम करा. प्रत्येक गावात एका शेतकऱ्यानं एक एकर पऱ्हाटी चिमट्यानं उपटून तोलायची. उपटल्या दिवशी वजन किती, वीस दिवसांनी वाळून किती, उपटायला मजुरी किती लागली, घरच्या चुलीला वर्षाला किती लागते, आणि जिनिंगपर्यंत बैलगाडी किंवा ट्रॅक्टरचं भाडं किती. एवढे पाच आकडे एका कागदावर. त्यातून आपला भाव निघेल. माझ्या भाषणातून निघणार नाही.

भाषणानंतर काही प्रश्न आले. ते आणि त्यांची उत्तरं अशी:

ज्वारीच्या कडब्याची फळी होते का?
– होते. चीनमध्ये ज्वारीच्या ताटांच्या फळ्या केल्या गेल्या आहेत आणि त्या परदेशातही गेल्या आहेत. पण कडबा हा आपल्या जित्राबाच्या तोंडचा घास आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कडब्याचा भाव कुठं जातो ते तुम्ही पाहिलं आहे. कडबा फळीला देऊ नका. फार तर धसकटं.

तुराट्या चालतील का?
– तूर कमी क्षेत्रात आहे आणि तुराटीला कूडाला, मंडपाला, जळणाला गावातच मागणी आहे. पऱ्हाटीत थोडी मिसळून चालेल. एकट्या तुराटीवर कारखाना चालणार नाही.

शहरातला पुठ्ठा आपल्याकडं आणून पऱ्हाटीत मिसळला तर फळी जास्त चांगली होईल का?
– वरचा थर गुळगुळीत करायला लगद्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्याला पाणी आलं, आणि कल्याणहून इथपर्यंतचं भाडं आलं. त्यापेक्षा इथला चुरा बांधून तिकडं पाठवणं स्वस्त. आपल्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानांतून जो पुठ्ठा निघतो तो आत्ता कोण नेतं आणि काय भावानं, ते पाहून या. तो माणूस प्रेस कुठून आणतो तेही विचारा.

यंत्राला अनुदान मिळेल का?
– पऱ्हाटीची कुट्टी करणाऱ्या यंत्राला कृषी विभागाच्या यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज करता येतो. अर्ज करा. पण हिशेब अनुदान धरून घालू नका. अनुदान धरून घातलेला हिशेब यंत्र विकणाऱ्याच्या फायद्याचा असतो.